पाऊण हात कमी पडलेली गल्ली

एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःच्या नावावर एक वीतभरही जमवली नाही, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणणारी बायको आहे, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. मोजणीदार गावात शिरला की आधी कुत्री भुंकतात आणि मग माणसं हसून रामराम करतात. त्या दोहोंत कुत्र्यांचं खरं मानावं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

आमचं काम बाहेरच्याला फार गूढ वाटतं. तसं त्यात काही नाही. लोखंडी तारेच्या कड्या एकमेकींत अडकवलेली एक साखळी, दोन टोकांना पितळी मुठी, लांबी तेहतीस फूट. तिचा चौरस झाला की एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. माझ्या काळात वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि हुकूम नागपुरातून यायचे, पण जमिनीचा हिशेब शेवटी या तेहतीस फुटांवरच येऊन ठेपायचा. साखळीत खोट एकच. वापरून वापरून ती लांबते, आणि लांबलेल्या साखळीने मोजलेली जमीन कमी भरते. म्हणून बुलढाण्याला कचेरीच्या आवारात दोन दगड पुरलेले होते. त्यांच्यावरच्या खुणांना साखळी लावून अधूनमधून पडताळायची, आणि दुरुस्ती केली तर पडताळल्याशिवाय वापरायचीच नाही, असा नियम होता. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नव्हता.

माणसं मात्र नाना तऱ्हेची भेटली. संग्रामपूरकडच्या एका पाटलाने माझ्या साखळीवाल्याला रोडगे आणि वांग्याची भाजी आग्रह करकरून वाढली. हेतू असा, की गड्याने साखळी जरा सैल धरावी आणि जमीन वाढून यावी. गडी इतका जेवला की धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, आडवा झाला. मग पाटलाचाच सालदार साखळी ओढायला घेतला, आणि त्याने इमानाने इतकी ताठ ओढली की पाटलाची जमीन पहिल्यापेक्षा कमी निघाली. आमच्या पिंपळगाव राजाला तर खुद्द माझ्या वडिलांनी माझी मोजणी मानली नाही. ते पावलं टाकत आमच्या शेताच्या या टोकापासून त्या टोकाला गेले आणि म्हणाले, "तुह्या साखळीपक्षा माहे पाय खरे हायेत. पायाले गंज नाई चढत."

मी हसलो होतो. पुढे ज्या गोष्टीने माझं हसू उतरवलं, ती सांगायला हा लेख लिहितो आहे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, त्या आळीतली माणसं अजून हयात आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या त्या कापसाच्या गावी हंगामात गाड्यांना वाट मिळत नसे. दिवाळीनंतर बाजाराबाहेर दोन-दोन कोस गाड्यांची रांग लागायची. वडिलांची गाडी एका वर्षी तीन दिवस उभी होती. बैलांचा चारा सरला, कापूस दवाने भिजला, आणि वडील ताप घेऊन घरी आले. तेव्हा बाजार मोठा करावा, बाजारापासून स्टेशनापर्यंत सरळ रुंद सडक काढावी, असं ठरलं. कागदावर फार उत्तम होतं. फक्त मध्ये कोष्टीपुरा होता.

कोष्टीपुरा म्हणजे एक लांब सरळ गल्ली, दोन्हीकडे मातीची घरं, आणि प्रत्येक घरात हातमाग. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणत आलेली. जमीन सार्वजनिक कामासाठी घेणार, अशी नोटीस लागली. भूसंपादनाचा कायदा म्हणजे सरकारने हात पुढे केला की नाही म्हणायची सोय नाही. किती आणि कुठे, एवढंच बोलायचं. नाल्यापलीकडे नव्या जागा आखून द्यायच्या होत्या. गावात लगेच दोन तट पडले. शेतकरी आणि अडते एकीकडे, कोष्टी दुसरीकडे. कोष्ट्यांच्या विहिरीवर शेतकऱ्यांच्या बैलांना पाणी बंद झालं, तर शेतकऱ्यांच्या बायकांनी कोष्ट्यांची लुगडी घेणं सोडलं. माझ्या वडिलांनी मला बजावलं, "वीस घरासाठी सारा तालुका सडकेवर झोपते. मोज बे लवकर अन् मोकळं कर."

मीही त्याच मताचा होतो. हे आज लपवण्यात अर्थ नाही.

चैत्रात मोजणी सुरू केली. सकाळी ऊन चढेपर्यंत बाजाराकडची मोकळी जमीन मोजायची आणि दुपारी कोष्टीपुऱ्यात यायचं, कारण तिथे घरांची सावली होती. एवढ्या साध्या कारणाने माझ्या हातून केवढी चूक झाली! दुपारी गल्ली रिकामी असे. आतून मागांचा खटखटाट यायचा. गल्लीच्या मध्यावर ओळीने काही खुंट रोवलेले होते, आणि दोन्ही टोकांना दोन जाड खांब. मी नोंदवहीत लिहिलं, 'गुरे बांधण्याचे खुंट.' गल्लीपुढे लिहिलं, 'रस्ता, सरकारी.' घरं मोजून ज्याची त्याच्या नावावर चढवली. रस्ता कोणाचाच नव्हता, म्हणून त्याच्या बदल्यात कोणाला काही मिळणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी आणखी एक झालं. बाजाराकडून आलेल्या गाडीचं चाक साखळीवरून गेलं आणि मधली एक कडी तुटली. गावातल्या लोहाराकडून मी नवी कडी घालून घेतली. साखळी पडताळायची तर घाट चढून बुलढाण्याला जायचं, एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात. मी म्हटलं, एका कडीने काय होतं? आणि कामाला लागलो.

वैशाखात डाकबंगल्याच्या ओसरीत तक्रारी ऐकायला साहेब बसले. साहेब म्हणजे नागपूरकडचे एक ई.ए.सी., म्हणजे डेप्युटी कलेक्टरच्या तोडीचे अधिकारी, उंच, कोरडे, कमी बोलणारे. अशा दिवशी लोक काय मागतात हे मला पाठ होतं: भाव वाढवून द्या, झाडाचे वेगळे द्या, भिंत पक्की धरा. कोष्ट्यांचा मुकादम तुळशीराम उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "सायेब, घरं घ्या. आमाले गल्ली द्या."

ओसरीत हशा पिकला. समोरच्या शेतकऱ्यांतून कोणी तरी ओरडलं, "गल्लीत झोपता काय बे?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजणीदार, गल्लीत काय आहे?"

"काही नाही साहेब. सरकारी रस्ता आहे. गुरांचे खुंट आहेत."

मागे बायकांत एक पन्नाशीची बाई बसली होती, काटकुळी, पदर कानामागे खोचलेला. ती तुळशीरामची विधवा भावजय, जानकाबाई. ती बसल्याजागून म्हणाली, "गुरं कोठी पाह्यली भाऊ तुमी? साऱ्या पुऱ्यात दोन शेळ्या हायेत, अन् त्या बी माह्याच."

पुन्हा हशा, पण आता माझ्यावर. माझे कान तापले. मी म्हटलं, "मग खुंट कशाचे आहेत?"

"सांगून काय समजन तुमाले? उद्या दिवस निघायच्या आंधी या, अन् पाहा. चपला गल्लीच्या तोंडाशी काढून या."

चपलांचं ऐकून माझा पारा आणखी चढला. तरी दुसऱ्या दिवशी गेलो. खरं सांगायचं तर तिला खोटी पाडायलाच गेलो होतो.

झुंजुमुंजू झालं होतं. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि तिथेच थांबलो. या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत आख्खी गल्ली सुताने भरली होती. कमरेच्या उंचीवर हजारो धागे, एकाशेजारी एक, ताणून सपाट धरलेले, मधल्या खुंटांवर टेकवलेले. त्याला ताणा म्हणतात. लुगड्याचे उभे धागे ते हेच. ताण्याच्या दोन्ही बाजूंना बाया आणि माणसं ओळीने उभी होती. हातात गवताच्या मुळांचे लांब कुंचे, बाजूला मडक्यांत ज्वारीच्या पिठाची पातळ खळ. सगळ्यांचे कुंचे एकदम उठायचे, एकदम टेकायचे, आणि अख्खी ओळ एकेक पाऊल पुढे सरकायची. कोणी हुकूम देत नव्हतं. कोणी बोलत नव्हतं. धागा तुटला की जवळचा हात कुंचा काखेत मारून तो दोन बोटांत जोडायचा, आणि ओळीचं पाऊल चुकायचं नाही.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. देवळात गेल्यावर जे व्हायला हवं आणि माझ्यासारख्याला क्वचित होतं, ते मला त्या गल्लीत झालं. पायातल्या चपला मी केव्हा काढल्या ते आठवत नाही.

जानकाबाई माझ्याजवळ आली. हातांना कोपरापर्यंत खळ लागली होती. ती हळू आवाजात सांगू लागली. खळ पाजली नाही तर धागा मागावर टिकत नाही. ऊन आलं की खळ जागीच वाळते, वारा सुटला की धागे गुंततात, म्हणून हे एवढ्याच वेळेत करायचं. एका ताण्यात चार लुगडी निघतात. पुऱ्यातले सगळे मिळून एका घराचा ताणा पाजतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घराचा. एकट्या घराला ते जमायचंच नाही.

"तुमी आखून देल्या त्या जागा चौकोनी हायेत," ती म्हणाली. "चार घरं झाले का आडवी गल्ली, चार घरं झाले का आडवी गल्ली. तठी एका लुगड्याचा ताना बी नाई बसत. अन् ताना तोडला का दोन्ही टोकाचं सूत वाया जाते. घर काय, कोठी बी बांधता येते भाऊ. गल्ली कोठून आनाव?"

तेव्हा मी मोजणीदाराच्या डोळ्याने ती गल्ली पाहिली, आणि खरा थक्क झालो. माझा जन्म लोकांची अतिक्रमणं मोजण्यात गेला. गाव कोणतंही असो, माणूस आधी दारात पायरी करतो, पायरीचा ओटा होतो, ओट्यावर छप्पर येतं, आणि रस्त्याचा हातभर तुकडा गिळला जातो. पाटील, पुजारी, मास्तर, कोणी सुटलेला नाही. माझ्या वडिलांनीही दीड हात गिळलेला होता. इथे वीस घरं, पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि एकाचीही पायरी रेषेबाहेर नव्हती. वळचणीसुद्धा छाटून मागे घेतलेल्या होत्या, पावसाचं पाणी भिंतीवर पडलं तरी चालेल म्हणून. पहाऱ्याला कोणी नाही, दंड नाही, नकाशा नाही. नकाशात तर मी ती जागा कोणाचीच नाही असं लिहून मोकळा झालो होतो.

त्याच दुपारी साहेबांपुढे उभा राहून म्हटलं, "माझी नोंद चुकली. आपण एकदा सकाळी येऊन बघावं."

साहेब आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कोणी न सांगता बूट काढले. ऊन येऊन ताणा उचलेपर्यंत ते एका भिंतीला टेकून उभे होते. परतताना एवढंच म्हणाले, "नव्या जागेत अशीच एक गल्ली घ्या. याच लांबीची. एकही आडवा रस्ता नको." अडत्यांनी कुरकुर केली, शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या. मला तर वडिलांनी विचारलं, कोष्ट्यांनी काय चारलं म्हणून. पण हुकूम झाला, आणि मला वाटलं, आपण एक पुण्य पदरात पाडून घेतलं.

पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमाराला नाल्यापलीकडची जागा आखायला बुलढाण्याहून दुसरा मोजणीदार नवी साखळी घेऊन आला. माझ्या वहीत गल्लीची लांबी चार साखळ्या लिहिली होती. त्याने चार साखळ्या मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोष्टीपुऱ्यातली आठ-दहा माणसं एक कोरा ताणा गुंडाळून तिथे घेऊन आली आणि त्यांनी तो जमिनीवर उलगडला. एक टोक पहिल्या खुंटीपाशी धरलं. दुसरं टोक धरून तुळशीराम चालत गेला, खुंटी ओलांडली, आणि नाल्याच्या उतारावर जाऊन उभा राहिला. एक पाय वर, एक पाय खाली.

"पाऊन हात कमी हाये," जानकाबाई म्हणाली.

आलेला मोजणीदार तिच्यावर खेकसला. "सरकारी साखळी आहे बाई. तुमचं सूत ताणलं की लांबतं."

"माह्या सासूच्या सासूपासून इतकाच ताना हाये. आजच काऊन लांबन?"

"पाऊण हाताने असं काय बिघडतं?"

"चौथं लुगडं पाऊन हात आखूड निंघन. आखूड लुगडं कोन नेसते भाऊ? तुमच्या घरी नेसतीन काय?"

त्याने आपली साखळी गुंडाळायला घेतली.  मला लोहाराची कडी आठवली होती.

सगळे पांगल्यावर मी माझी साखळी आणली. नवीही मागून घेतली, आणि त्या उघड्या माळावर दोन्ही शेजारीशेजारी ताणल्या. माझी पुढे गेली. मागे पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं तर जानकाबाई उभी. ती खाली बसली आणि जास्तीच्या लांबीवर तिने आपली बोटं टेकवली. चार बोटं बसली आणि वर अर्धं बोट उरलं. साखळीमागे साडेचार, म्हणजे चार साखळ्यांत अठरा बोटं, आणि चोवीस बोटांचा हात. पाऊण हात बरोबर भरला. सुताने माझी साखळी पकडली होती.

यात फक्त गल्लीचा प्रश्न नव्हता. त्याच साखळीने मी अख्खा कोष्टीपुरा मोजला होता. वीसही घरं थोडी थोडी कमी भरली होती, आणि बदल्यात मिळणाऱ्या जागा त्याच मापाने कमी होणार होत्या. हे त्या क्षणी जगात दोघांनाच ठाऊक होतं.

 मग तिने विचारलं, "तुमची भाकर जाईन काय याच्यानं?"

"जाईल कदाचित."

"लेकरं किती हायेत?"

"दोन. लहान आहेत."

तिने साखळीची कडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "मंग आमी सांगत नाई. गल्ली तेवढी पाऊन हात वाढून द्या. नाल्याकडून भर टाकून घेऊ आमी. घराचं राहू द्या. घरात काय, दाटीवाटीनं बी राहता येते."

ज्या माणसाने तिची गल्ली गुरांचा रस्ता म्हणून लिहिली, तिच्या घराचा तुकडा कापला, त्याची पोरं उपाशी राहू नयेत म्हणून ती आपलं घर लहान करून घ्यायला तयार होती. आणि हे असं म्हणाली, जसं कोणी शेजारणीला विरजण देतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी आजवर बरेच मोठे म्हणवणारे लोक जवळून पाहिले. त्या माळावर बसलेल्या बाईपुढे ते सगळे मला थिटे वाटले, आणि मी तर हिशेबातच नव्हतो.

मी लगेच उठून साहेबांकडे गेलो, असं लिहायला फार आवडलं असतं. गेलो नाही. दोन दिवस मी तिचं म्हणणं मनात घोळवत राहिलो. बाई स्वतःच राजी आहे, गल्ली मिळतेच आहे, मग आपण कशाला विहिरीत उडी घ्यायची? माणूस स्वतःला किती गोड समजावू शकतो! तिसऱ्या दिवशी सकाळी जुन्या गल्लीत गेलो. ताणा चढला होता. जानकाबाईच्याच घराचा होता. ती ओळीत होती, मला पाहून तिने मान हलवली आणि कुंचा पुढे सरकवला. त्या ओळीत एकानेही पाऊल पुढेमागे केलं नव्हतं. मला तिथे उभं राहणं अशक्य झालं. तसाच डाकबंगल्यावर गेलो आणि साखळी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "नोकरी किती वर्षं झाली?"

"सात."

"सात वर्षांच्या मोजणीदाराला साखळी पडताळायला एक कोष्टीण लागली." त्यांनी साखळी पुढ्यात ओढली. "दगडांवर ही चूक निघाली असती. तिच्या ताण्यावर निघाली. दोन्ही मापं सारखीच खरी म्हणायची."

सगळा कोष्टीपुरा पुन्हा मोजायचा हुकूम झाला. काम थांबलं. तोवर कापसाचा हंगाम आला, आणि नवी सडक नाही म्हणून पुन्हा गाड्यांची रांग लागली. सगळा तालुका मला शिव्या देत होता आणि त्यात आमचे वडील पुढे होते. दोन दिवस रांगेत काढल्यावर तिसऱ्या दिवशी उजाडता त्यांनी गाडी मधल्या वाटेने काढली आणि थेट कोष्टीपुऱ्याच्या तोंडाशी आणली. पुढे ताणा होता. मी मोजणीसाठी तिथेच उभा होतो. मला वाटलं, आता तंटा होणार. वडिलांनी कासरा ओढला. बघत राहिले. मग खाली उतरले, बैल सोडले आणि जू जमिनीवर टेकवलं. ताणा उचलेपर्यंत बैलांच्या तोंडावर हात ठेवून उभे राहिले, बैलांनी हंबरू नये म्हणून. नंतर त्यांनी गल्ली पावलांनी मोजली. मग कुंचा धुणाऱ्या जानकाबाईकडे बघत मला फक्त एवढंच विचारलं, "या बाईची साखळी कोठी भेटते रे?"

माझी बढती बरीच वर्षं अडली आणि बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सुलतानपूरकडे झाली. बायको अजून त्याचं नाव काढते. जायच्या आधी लोहाराकडून ती कडी कापून घेतली होती. जानकाबाईचा निरोप घ्यायला गेलो, तेव्हा तिने विचारलं, "ते कडी काय केली?" मी खिशातून काढून दाखवली. तिने हात पुढे केला. "द्या." काय करणार म्हणून विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या. लोखंड हाये, कामी येते."

पुढे तो पुरा नाल्यापलीकडे गेला. जुन्या जागी बाजार झाला, सडक झाली, गाड्यांचे हाल संपले. तेही चांगलंच झालं, शेतकऱ्याच्या पोराने खोटं कशाला बोलावं? पण पहिल्या पावसाळ्यात नव्या भिंतींपैकी काही खचल्या. काही घरांनी माग मोडून सरकी काढायच्या जिनात मजुरी धरली. ती मोडलेली घरं मला अजून टोचतात. मोजणीदार रेषा बरोबर काढू शकतो, रेषेच्या आतलं सगळं त्याच्या हातात नसतं.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या गावी जायचा योग आला. पहाटे उठून मुद्दाम नाल्यापलीकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी चपला काढल्या. ताणा चढत होता. जानकाबाई वारून बरीच वर्षं झाली होती. तिच्या जागी एक तरुण सून उभी होती. ती मला ओळखणार कशी? "बाजूले व्हा बाबा," ती म्हणाली, "ताना घालून राह्यलो." मी भिंतीला पाठ लावली. सवयीने नजर ओट्यांच्या रेषेवरून फिरली. एकही पायरी पुढे आली नव्हती.

मग ती टोकाच्या खांबाकडे गेली. खांबात एक लोखंडी कडी ठोकलेली होती, दोरीने घासून घासून चांदीसारखी झालेली. मी ती लगेच ओळखली. लोहाराने सांध्यावर घातलेला घाव मला पाठ होता. सुनेने ताण्याची दोरी त्या कडीतून ओवली आणि अंगाचा भार टाकून ओढली. वीस घरांची गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताठ झाली.

मी तिला म्हटलं, "बाई, ही कडी कोणाची?"

"आमच्या आजेसासूनं लावली," ती म्हणाली. "एका मोजनीवाल्याची हाये म्हने. खरं बोलला होता, म्हनून."